जिवंतांसाठी चार गुंठे

सहा महिन्यांपूर्वी जुम्म्याच्या नमाजनंतर आमच्या मोहल्ल्यात सह्यांचा एक कागद फिरला. गल्लीच्या टोकाला महापालिकेची चार गुंठे जागा वर्षानुवर्षं पडून आहे. तिथे शादीखाना बांधावा आणि त्यासाठी विकास आराखड्यातलं 'उद्यान' हे आरक्षण बदलावं, अशी मागणी होती. अब्बूंनी सही केली. समोरच्या चाचांनी केली. ज्यांना अजून मिसरूड फुटायची आहे त्या पोरांनीही केली. कागद मशिदीच्या दारात फिरला, त्यामुळे तो एकाही बाईच्या हातात आला नाही.

घरी येऊन अब्बूंनी खुशीत बातमी दिली. अम्मी तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "शादी तो दो दिन की. बाकी दिन हम किदर बैठना?"

अब्बू हसले. अम्मीही हसली आणि विषय संपला. माझ्या डोक्यातून मात्र तो प्रश्न गेला नाही. आता आरक्षण बदलण्याची नोटीस निघाली आहे आणि हरकती घेण्यासाठी एक महिन्याची मुदत आहे. मी हरकत नोंदवली. तेव्हापासून मी 'तरक्कीला आडवी जाणारी पोरगी' आहे. हरकतीच्या अर्जात जे मावलं नाही ते इथे लिहिते आहे. शहराचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्या विरुद्ध बोलते आहे ते माझेच लोक आहेत आणि उद्या सकाळी मला त्यांना सलाम करायचा आहे. शिवाय तुमच्या शहरातली गोष्ट काही फार वेगळी असेल असं मला वाटत नाही.

आपण काय मागतो?

कुठलीही निवडणूक आठवून बघा. उमेदवार मोहल्ल्यात येतो, खुर्च्या मांडल्या जातात, चहा येतो आणि मागण्यांची यादी वाचली जाते. कबरस्तानची भिंत, कबरस्तानला वाढीव जागा, शादीखाना, ईदगाहचं सपाटीकरण, उर्दू घर. यातली एकही मागणी फालतू नाही. कबरस्तानात जागा उरलेली नाही हे खरं आहे. भाड्याचा हॉल गरिबाला परवडत नाही हेही खरं आहे. पण यादी नीट पाहा. मेल्यावर कुठे जायचं याचा बंदोबस्त आपण मागतो. लग्नाच्या दिवशी कुठे जायचं याचाही मागतो. मधली साठ वर्षं रोज संध्याकाळी पाच वाजता कुठे जायचं, हे कुणी मागत नाही.

आमच्या भागात सगळ्यात जास्त झाडं कुठे आहेत? कबरस्तानात. कडुनिंब आहेत, चिंच आहे, पावसाळ्यात गवत वाढतं, पाखरं येतात. सावलीत विसावायची मुभा मिळण्यासाठी आमच्याकडे आधी मरावं लागतं. हे मी विनोदाने म्हणत नाही. पाच-सहा माणसं एका खोलीत राहतात, खोलीचं दार उघडलं की गटाराची फरशी, फरशी संपली की मोटरसायकल. पोरं खेळतात ती याच दीड-दोन मीटरच्या पट्ट्यात. चेंडू कुणाच्या तरी स्कूटरला लागतो आणि शिव्या खाऊन पोरं दुसऱ्या गल्लीत जातात. मुली तर तेवढंही जात नाहीत.

पुरुषांचं काय? पुरुषांना मशीद आहे. जोहर आणि असरच्या मधे आमच्या मशिदीत जाऊन बघा. फरशी गार, पंखे चालू, पाणी थंड. म्हातारे चाचा भिंतीला टेकून बसलेले असतात, हमालीवरून आलेला एखादा माणूस कोपऱ्यात डुलकी काढत असतो. मला त्याचा राग नाही. मशीद अशीच असावी. पण एवढं कबूल करा की मशीद ही आपल्या मोहल्ल्यातली पुरुषांची बाग आहे. तशी दुसरी जागा म्हणजे चहाचं हॉटेल, तिसरी कट्टा. आपल्याकडच्या बहुतेक मशिदींत बायकांना जागा नाही. हॉटेलात आणि कट्ट्यावर तर प्रश्नच नाही. मग अम्मीने, खालाने, माझ्या धाकट्या बहिणीने बसायचं कुठे? जिन्यात. आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांची सार्वजनिक जागा म्हणजे इमारतीचा जिना. कुणी वर-खाली जायला लागलं की उठून बाजूला व्हायचं.

जागा नाही, की जागा सोडलीच नाही?

"जागा आहे कुठे?" हा पहिला प्रश्न असतो. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते, म्हणून याचं उत्तर थोडं सविस्तर देते.

केंद्र सरकारच्या २०१४च्या शहर नियोजन मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असं म्हटलं आहे. मुंबईत ती जेमतेम एक-सव्वा चौरस मीटर भरते, असं नियोजनकार सांगत आले आहेत. म्हणजे एक जानमाज आणि बाजूला चपला काढायला जागा. ही सरासरी आहे. समुद्रकिनाऱ्याजवळची मोठी मैदानं त्यातून वजा केली की दाट मोहल्ल्यांच्या वाट्याला काय उरतं याचा अंदाज तुम्हीच करा.

आता राज्यातल्या इतर शहरांचा नियम पाहू. मुंबई सोडून बहुतेक महाराष्ट्राला २०२० सालची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यानुसार ०.४ हेक्टर म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर लेआउट टाकला, तर १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. जमीन त्याहून लहान असेल तर ही अट लागत नाही. आता आपले मोहल्ले कसे वसले ते आठवा. कुणीतरी शेत घेतलं, गुंठ्या-गुंठ्याने विकलं, पन्नास रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर व्यवहार झाला. लेआउट मंजूरच झाला नाही, तर त्यातली १० टक्के जागा कुठून सुटणार? पुढे २००१च्या गुंठेवारी कायद्याने घरं नियमित करण्याचा मार्ग मिळाला. घरं नियमित झाली, पण जी बाग कधी सोडलीच नव्हती ती काही उगवली नाही.

याला जबाबदार कोण? सरकार आहेच. गरीब माणूस गुंठाभर जमीन शौक म्हणून घेत नाही, मंजूर लेआउटमधला प्लॉट त्याला परवडत नाही म्हणून घेतो. कित्येकदा पैसे असूनही त्याचं आडनाव ऐकून घर दिलं जात नाही. दंग्यांनंतर माणसं आपल्या लोकांत राहायला आली आणि मोहल्ले आणखी दाटले. अशा वस्त्यांकडे प्रशासन कसं दुर्लक्ष करतं हे २००६ साली सच्चर समितीने लिहून ठेवलं आहे. त्यामुळे "महापालिका आपल्या भागात भेदभाव करते" असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. पण माझा प्रश्न पुढचा आहे. एवढं सगळं होऊनही आराखड्यात एखादी जागा आपल्यासाठी 'उद्यान' म्हणून उरली असेल, तर ती आपल्याच सहीने घालवायची का?

'बाग म्हणजे ऐष'

दुसरा आक्षेप: आधी पाणी, गटार, दवाखाना, बाग म्हणजे पोट भरल्यावरची ऐष. पण आमच्या जागेवर पाण्याची टाकी किंवा दवाखाना येणार नाही आहे. शादीखाना येणार आहे. त्यामुळे हा युक्तिवाद या ठिकाणी लागूच होत नाही. तरीही तत्त्व म्हणून घेऊ.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसं दाटीवाटीच्या, हवा-उजेड नसलेल्या खोल्यांत मेली. त्यानंतर १८९८ साली सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला आणि त्याच्या सुरुवातीच्या योजनांपैकी एक होती आपलं नागपाडा. ट्रस्टने घरं पाडली, लोकांना उठवलं, त्यात गरिबांवर अन्यायही झाला. पण सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या साहेबांनाही एवढं कळलं होतं की दाट वस्तीत मोकळी जागा हा आरोग्याचा प्रश्न आहे. आज नागपाड्याची पोरं बास्केटबॉलसाठी ओळखली जातात. ती काही आकाशात खेळायला शिकली नाहीत. त्यांना मैदान मिळालं.

आमच्या अम्मीला शुगर आहे. डॉक्टर सांगतात, रोज अर्धा तास चाला. कुठे चालायचं ते सांगत नाहीत.

आणि दवाखान्याचंच म्हणाल, तर बंगळुरूचा एक खटला प्रत्येकाने लक्षात ठेवावा. तिथे सार्वजनिक बागेसाठी राखलेली जागा एका ट्रस्टला नर्सिंग होमसाठी दिली गेली. रहिवासी कोर्टात गेले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला. दवाखाना ही चांगली गोष्ट नाही असं कोर्टाने म्हटलं नाही. बाग ही रहिवाशांची गरज आहे आणि तिची जागा कुणाच्या मर्जीने दुसऱ्याला देता येत नाही, असा त्याचा अर्थ. जिथे दवाखाना बागेची जागा घेऊ शकला नाही, तिथे शादीखान्याचं काय घेऊन बसलात?

शादीखाना कुणाचा?

आता शादीखान्याबद्दल स्पष्ट बोलू. निकाह साधा करा, जहेज घेऊ नका, मशिदीत निकाह करा, खर्च टाळा, असे जलसे आपण दरवर्षी घेतो. मौलाना सांगतात, आपण माना डोलावतो. आणि मोहल्ल्यात चार गुंठे मोकळे सापडले की ते शादीलाच देतो. हा विरोधाभास कुणालाच दिसत नाही का?

गल्लीत मांडव घातला की रस्ता बंद होतो, ही अडचण मला मान्य आहे. पण आमच्यापासून पाच मिनिटांवर महापालिकेची उर्दू शाळा आहे. तिला हॉल आहे, पटांगण आहे, आणि सुट्टीच्या दिवशी तिथे कुलूप असतं. ती जागा वलीम्यासाठी माफक भाड्याने मिळावी अशी मागणी करा, माझी पहिली सही. पण ती मागणी कुणाला नको आहे, कारण शाळेत गाळे काढता येत नाहीत. शादीखान्याचा जो नकाशा मोहल्ल्यात दाखवला जातोय, त्यात तळमजल्यावर दुकानं आहेत आणि वर हॉल. दुकानं कुणाला मिळणार, हॉलची चावी कुणाकडे राहणार, भाडं कोण ठरवणार, हे विचारल्यावर उत्तर मिळतं, "आपलेच लोक आहेत."

आपलेच लोक आहेत, म्हणूनच विचारते आहे. या जागेचं आजवर काय झालं? आधी बांधकामाचा राडारोडा पडला. मग एका ठेकेदाराची वाळू पडली. मग टेम्पो उभे राहायला लागले, त्याचे पैसे कुणीतरी घ्यायला लागलं. मग पत्र्याची शेड आली. यातलं काहीही बाहेरच्याने केलं नाही. भेदभावाची तक्रार करताना आपला आवाज चढतो, आणि आपल्याच माणसाने आपली जागा गिळली की तोच आवाज मशिदीच्या पायरीवर खाली येतो.

मदिन्याची मशीद ज्या जमिनीवर उभी राहिली ती दोन यतीम मुलांची होती, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मुलं फुकट द्यायला तयार होती, पैगंबरांनी (स.) ती तशी घेतली नाही, किंमत देऊन घेतली. म्हणजे साक्षात मशिदीसाठीही दुसऱ्याच्या हक्काची जागा फुकट चालली नाही. मग गल्लीतल्या पोरांच्या हक्काची जागा शादीखान्यासाठी कशी चालते?

'बेहयाई होईल'

हा आक्षेप उघडपणे कमी आणि कानात जास्त सांगितला जातो. बाग झाली तर पोरं-पोरी बसतील, माहौल खराब होईल. त्याच्याच जोडीला दुसरा: गर्दुल्ले येतील.

गर्दुल्ल्यांचं आधी. ते आजच तिथे आहेत. अंधार, राडारोडा, पत्र्याची शेड, कुणाची ये-जा नाही. त्यांना याहून चांगली जागा कुठे मिळणार? गर्दुल्ले जातात ते दिव्यामुळे आणि माणसांमुळे. जिथे संध्याकाळी चार बायका आणि दहा पोरं बसलेली असतात तिथे कुणी चिलीम काढत नाही.

आता बेहयाईचं. रस्त्यात बसण्याबद्दलची हदीस आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पैगंबरांनी (स.) रस्त्यात बसू नका असं सांगितलं, तेव्हा साथी म्हणाले की आम्हाला बसून बोलायला दुसरी जागा नाही. त्यावर उत्तर आलं की मग रस्त्याचा हक्क अदा करा: नजर खाली ठेवा, कुणाला त्रास देऊ नका, सलामचं उत्तर द्या, भल्याचं सांगा, बुऱ्यापासून रोखा. या प्रसंगात मला दोन गोष्टी दिसतात. माणसाला बसून बोलायला जागा लागते, ही गरज तिथे ऐकून घेतली गेली. आणि जबाबदारी बसणाऱ्यांवर टाकली गेली, येणाऱ्या-जाणाऱ्या बाईवर नाही. सूरह नूरमध्येही नजर झुकवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे, नंतर स्त्रियांना. आपण मात्र उलटा कायदा केला आहे. नजर पोरांची बिघडते आणि बसायची जागा पोरींची जाते.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली 'व्हाय लॉयटर?' या पुस्तकात मुंबईतल्या बायकांच्या सार्वजनिक वावराबद्दल लिहिलं, त्यात मुस्लिम बायकांचाही विचार आहे. त्यांचा मुद्दा साधा आहे: बाई घराबाहेर दिसते ती कामासाठी, शाळेसाठी, बाजारासाठी. कारण नसताना नुसतं बसण्याचा हक्क तिला नाही. मुंब्र्यात 'परचम' या गटासोबत मुलींनी फुटबॉल खेळायला सुरुवात केली आणि खेळायला जागा मागितली. आभाळ कोसळलं नाही. मुली खेळल्या, घरी आल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या.

चार गुंठ्यांत होतं काय?

"एवढ्याशा जागेत कसली बाग?" असं आमच्या एका बुजुर्गांनी मला विचारलं. त्यांना वाटतं बाग म्हणजे कारंजं, पुतळा, लॉन आणि तिकीट.

न्यूयॉर्कमध्ये पेली पार्क नावाची एक बाग आहे. १९६७ साली उघडली. दोन्ही बाजूंना उंच इमारती, मधे एक बोळकं. क्षेत्रफळ सुमारे ४,२०० चौरस फूट, म्हणजे आपल्या हिशेबाने चार गुंठ्यांहूनही थोडं कमी. त्यात झाडांची सावली, हलवता येणाऱ्या खुर्च्या आणि मागच्या भिंतीवरून पडणारं पाणी. जगभरात 'पॉकेट पार्क'चं उदाहरण म्हणून तिचं नाव घेतलं जातं. त्याच शहरात विल्यम व्हाइट या अभ्यासकाने छोट्या चौकांत आणि बागांत माणसं कशी वावरतात हे कॅमेरे लावून पाहिलं. १९८० साली त्याने जे लिहिलं त्याचं सार असं की जिथे बसायला जागा असते तिथे माणसं बसतात. ऐकायला हास्यास्पद वाटतं. पण आपल्या शहरातल्या बागा बघा. बसायची जागा सोडून सगळं असतं.

पेली पार्क पैसेवाल्यांनी बांधली, हे उदाहरण आपल्याला दूरचं वाटेल. मग ॲमस्टरडॅम घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर शहर मोडलेलं, पैसा नाही, मुलं भरपूर. आल्डो व्हॅन आइक हा तरुण आर्किटेक्ट तिथे नगररचना खात्यात होता. १९४७ साली त्याने एका चौकात वाळूचा हौद, काही लोखंडी दांड्या आणि बाकं एवढ्यावर पहिली खेळायची जागा केली. लोकांनी ती पाहिली आणि आमच्या गल्लीतही करा म्हणून महापालिकेला पत्रं लिहायला लागले. पडकी घरं पाडून उरलेले तुकडे, दोन इमारतींमधल्या फटी, रस्त्याचे कोपरे, जे मिळेल ते घेतलं गेलं. तीस वर्षांत अशा सातशेहून जास्त जागा झाल्या. एक मोठी बाग लांब कुठेतरी करण्यापेक्षा प्रत्येक वस्तीला तिची छोटी जागा, हा तो विचार. आणि लक्षात घ्या, सुरुवात महापालिकेने केली, पण वाढ लोकांच्या पत्रांनी झाली.

मी आमच्या चार गुंठ्यांचा नकाशा काढला आहे आणि हरकतीसोबत जोडला आहे. त्यात विशेष काही नाही. रस्त्याकडची भिंत गुडघ्याएवढी, म्हणजे बाहेरून आतलं सगळं दिसेल आणि त्याच भिंतीवर बसताही येईल. दोन दारं, म्हणजे एका दारात टोळकं उभं राहिलं तरी दुसरीकडून बाहेर पडता येईल. कडेने बसायचे ओटे, चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर उंच, काहींना पाठ टेकायला आधार. गुडघे दुखणाऱ्या खालांना जमिनीवर बसवू नका. मधे मोकळी सपाट जागा, कारण पोरांना खेळणी कमी आणि मोकळीक जास्त लागते. एका कोपऱ्यात वाळू आणि लोंबकळायला दांड्या. लॉन नाही, लॉनला पाणी लागतं आणि मग 'हिरवळीवर चालू नये' अशी पाटी लागते. कडुनिंब, करंज, बकुळ अशी सावलीची आठ-दहा झाडं, बुंध्याभोवती मातीची जागा सोडून. फरशी बुंध्याला भिडवली की झाड जगत नाही. जमिनीवर पाणी मुरेल अशा विटा आणि उतार शोषखड्ड्याकडे. पाण्याचा नळ. बायकांसाठी संडास, कारण तो नसेल तर बाई अर्ध्या तासात घरी जाते. दिवे असे की चेहरा दिसेल. आणि नगरसेवकाच्या नावाची पाटी बाकापेक्षा मोठी नसावी.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. महापालिकेच्या कित्येक बागा सकाळी उघडतात आणि दुपारी बंद होतात. ही वेळ चालायला येणाऱ्या साहेबांची आहे. आमच्याकडच्या बायकांना सकाळी डबे असतात, संध्याकाळी स्वयंपाक असतो. त्यांना सवड मिळते ती दुपारी दोन ते चार, पोरं मदरशातून किंवा ट्यूशनवरून येईपर्यंत. बाग नेमकी तेव्हाच बंद असेल तर ती कुणासाठी बांधली?

आणि देखभाल. बाग बांधली, फीत कापली, सहा महिन्यांत कचरा झाला, हे सगळीकडे घडतं. म्हणून झाडणाऱ्या माणसाचा पगार उद्यान विभागाच्या बजेटमध्ये आधी लिहून घ्यावा, फरशीचा रंग नंतर ठरवावा. मोहल्ल्याची समिती असावी, तिच्यात निम्म्या बायका असाव्यात आणि चावी त्यांच्यातल्या एकीकडे असावी.

तुम्ही काय करायचं

हा लेख वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे फोन आहे, मराठी वाचता येतं आणि अर्ज लिहिता येतो. आपल्या वडिलांच्या पिढीकडे हे नव्हतं. नोटिसा राजपत्रात आणि मराठी वर्तमानपत्रात येत राहिल्या, आपल्याकडे कुणी वाचल्या नाहीत. आपल्याला ही सबब नाही.

तुमच्या वॉर्डाच्या विकास आराखड्याचा नकाशा मिळवा. नगररचना विभागात मिळतो, नाही दिला तर माहिती अधिकारात मागा. उद्यान आणि खेळाचं मैदान म्हणून किती जागा राखल्या आहेत, किती ताब्यात घेतल्या, आज तिथे काय आहे, हे तीन प्रश्न विचारा. जागा खासगी मालकीची असेल तर घाई करा: महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६च्या कलम १२७नुसार आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत महापालिकेने जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर दोन वर्षांत हालचाल झाली नाही तर आरक्षणच संपतं. नवा आराखडा येत असेल तर कलम २६खाली सूचना-हरकती मागवतात. मंजूर आराखड्यात बदल होत असेल, जसा आमच्याकडे होतोय, तर कलम ३७खाली एक महिन्याची मुदत असते. हरकत कुणीही नोंदवू शकतं, त्यासाठी वकील लागत नाही. एका पानाचा अर्ज, पोच घ्यायची, सुनावणीला जायचं.

आणि सह्या घ्यायला मशिदीच्या दारात उभे राहा, जरूर राहा. पण त्यानंतर जिन्यातही जा.

मी तेच केलं. पहिल्या दिवशी बायका म्हणाल्या, "मर्दां नाराज होंगे." दुसऱ्या दिवशी समोरच्या खालांनी सही केली, मग त्यांच्या दोन सुनांनी, मग वरच्या मजल्यावरच्या सगळ्यांनी. एकीने अंगठा लावला आणि मला बजावलं की ओट्याला पाठ टेकायला आधार हवाच. आता अर्जावर बायकांच्या सह्या पुरुषांपेक्षा जास्त आहेत. मशीद कमिटीतल्या दोघांनी मला बोलावून समजावलं, रागावले नाहीत, चहा दिला. त्यातल्या एकांनी निघताना हळूच विचारलं की बागेत म्हाताऱ्यांसाठी वेगळा कोपरा होईल का. मी म्हटलं, होईल, नकाशात आहे.

अब्बूंची सही अजून शादीखान्याच्याच कागदावर आहे. परवा त्यांनी माझा नकाशा मागून घेतला आणि चष्मा लावून बराच वेळ पाहिला. अम्मीने विचारलं, "क्या देख रहे?" ते म्हणाले, "देख रहा हूँ तू किदर बैठेगी."

सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. अम्मी सोबत येणार आहे.